साक्षीदार तारा

“धारूरकर, बुधवारच्या पहाटेचा साक्षीदार घेतला होतास ना?”

ओगले मॅडमनी हे विचारलं तेव्हा मी भटारखान्यात जेवत होतो. दुपारचे दोन वाजले होते. दारात उभ्या असलेल्या मॅडमच्या हातात प्रिंटरचा लांबलचक कागद होता आणि त्यांना धाप लागली होती. दुर्बिणीच्या इमारतीपासून भटारखान्यापर्यंत जेमतेम ऐंशी पावलं, पण चौदा हजार फुटांवर ऐंशी पावलं कोणी पळत नाही. मॅडम पळत आल्या होत्या, तेही आजारपणातून उठून आठवडा झाला नव्हता तेव्हा.

“घेतला होता,” मी म्हणालो.

“वेळेवर?”

“पाच-दहाला. वहीत लिहिलंय.”

“वहीत आहे ते मी पाहिलं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.” त्यांनी माझं ताट बाजूला सरकवलं आणि कागद टेबलावर पसरला. “मग हे बघ. इथे. हा खड्डा दिसतोय? पाणी आहे, धारूरकर. तिथल्या हवेत पाण्याची वाफ आहे.”

आमचा स्वयंपाकी फुंत्सोग चुलीपाशी उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण मॅडमचा चेहरा वाचता येत होता. त्यानं न विचारता तीन कपांत चहा ओतला आणि त्यात साखर घातली. एरवी साखरेचा डबा तो दडवून ठेवायचा.

मी हसलो. अभिनंदन केलं. मी साक्षीदार घेतलाच नव्हता.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती वेधशाळा हिमालयापलीकडच्या एका उघड्याबोडक्या पठारावर होती, आणि तिचं नाव मी सांगणार नाही. मी सत्तावीस वर्षांचा होतो, जिंतूरचा, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. मॅडम साठीच्या. तीस नोव्हेंबरला त्या निवृत्त होणार होत्या. त्या पठारावर त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. आमच्या संस्थेतले लोक त्यांच्या कामाला हसत. मैदानी प्रदेशातल्या मुख्य कार्यालयात चहाच्या वेळी कोणी तरी हमखास म्हणायचं, “ओगलेबाई वर हवा खायला गेल्यात.” दूरचे ग्रह शोधणं आणि त्यांची हवा तपासणं हे तेव्हा अनेकांना रिकामटेकडेपणाचं वाटायचं. एकोणीस वर्षांत मॅडमना काही सापडलंही नव्हतं, त्यामुळे उत्तर देणार तरी काय.

आमचं काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दूरच्या एखाद्या ताऱ्याभोवती ग्रह फिरतो. तो ग्रह काही आपल्याला दिसत नाही. पण फिरता फिरता तो ताऱ्याच्या पुढून गेला, की ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो. त्या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे रंगांचा आलेख, काढला की त्यातल्या खड्ड्यांवरून तिथल्या हवेत काय काय आहे ते कळतं. अडचण एवढीच, की तोच प्रकाश शेवटी आपल्याही हवेतून खाली येतो, आणि आपल्या हवेत पाणी भरपूर. तिथलं पाणी शोधायचं तर आधी आपलं पाणी वजा करावं लागतं. त्यासाठी जवळचाच एक तापलेला, पांढराशुभ्र तारा बघायचा. एवढ्या तापलेल्या ताऱ्यात स्वतःचं पाणी असूच शकत नाही. त्याच्या वर्णपटात पाणी दिसलं तर ते आपलंच. रात्रीच्या सुरुवातीला एकदा आणि उजाडायच्या आत एकदा त्याचा वर्णपट घ्यायचा. त्या ताऱ्याला मॅडम साक्षीदार म्हणत. “तो फक्त आपल्याबद्दल बोलतो,” त्या सांगायच्या, “आणि त्याला खोटं बोलता येत नाही.”

त्याला येत नव्हतं. मला आलं.

आम्ही निवडलेला ग्रह त्या हंगामात चार वेळा आपल्या ताऱ्यापुढून जाणार होता. पहिल्या तीन फेऱ्यांत काहीसं दिसल्यासारखं वाटत होतं, पण छातीठोकपणे सांगावं असं नाही. सगळी भिस्त चौथ्या फेरीवर होती. ती नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी पहाटे होती. पाण्याची वाफ सापडली तर मॅडम निवृत्त झाल्या तरी काम चालू राहणार होतं. नाही सापडली तर वसंतात आमचं वर्णपट घेणारं यंत्र दक्षिणेतल्या दुसऱ्या दुर्बिणीवर जाणार, हे समितीनं लेखी कळवलं होतं. म्हणजे एका माणसाचं एकोणीस वर्षांचं काम शिल्लक राहणार की नाही, हे त्या एका रात्रीवर ठरायचं होतं.

आणि त्याच आठवड्यात मॅडम आजारी पडल्या. रविवारी खोकला सुरू झाला, सोमवारी सकाळी ओठ निळे पडले. उंचीवर असा खोकला म्हणजे छातीत पाणी भरायची भीती. फुंत्सोगच आमचा ड्रायव्हरही होता. त्यानं जीप दाराशी आणली आणि मॅडमचा काही एक न ऐकता त्यांना कांबळ्यात गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं.

“दुर्बिणीवर कोणी एकट्यानं बसायचं नाही,” मॅडम खिडकीतून म्हणाल्या. “हा नियम माझाच आहे ना?”

“हो मॅडम.”

“मग मीच मोडते. तू बस. चौथी फेरी सोडायची नाही.” बोलताना त्यांना तीनदा थांबावं लागलं. “आणि साक्षीदार. काही झालं तरी साक्षीदार.”

जीप गेली. तालुक्याचं हॉस्पिटल सहा तासांवर होतं. सोमवार दुपारपासून मी त्या पठारावर एकटा.

एकटं राहायची मला सवय आहे असं मी तेव्हा समजत होतो. होस्टेलवर राहिलेला माणूस, आपल्याला काय होतंय! पण होस्टेलच्या एकटेपणात शेजारच्या खोलीतला रेडिओ असतो, जिन्यात कोणी तरी शिंकतं. इथे वारा थांबला की काहीच नव्हतं. सोमवारी मी आईला पत्र लिहायला बसलो आणि ‘इकडे सर्व ठीक’ याच्यापुढे जाईना. मंगळवारी सकाळी चहा उतू गेला तेव्हा मी मोठ्यानं “अरे अरे अरे” म्हणालो आणि स्वतःच्या आवाजानं दचकलो. मग मुद्दाम बोलू लागलो. भांड्यांशी बोललो. दुपारी मी मॅडमच्या आवाजात स्वतःला रागावून पाहिलं, “धारूरकर, तुझा चहा म्हणजे शिक्षा आहे,” आणि त्यावर हसलो, आणि हसणं थांबल्यावर मला रडू यायला लागलं. कारण काही नव्हतं. आदल्या दिवसापासून कोणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, एवढंच.

तशा मनःस्थितीत मी चौथी फेरी घेतली. ती मात्र उत्तम घेतली, हे सांगायला हवं. तारा कुठे निसटला नाही, यंत्र बिघडलं नाही. सुरुवातीचा साक्षीदार संध्याकाळी सव्वासातला घेतला. ग्रहाची फेरी पहाटे साडेचारला संपली. पाच-दहाला शेवटचा साक्षीदार घ्यायचा होता. त्याला पंधरा मिनिटं लागत. त्यानंतर पूर्वेला उजेड फुटायला लागतो आणि काही उपयोग राहत नाही.

पाच-पस्तीसला मी वहीत लिहिलं, ‘साक्षीदार, ५.१०, ठीक.’ मग आदल्या रात्रीच्या साक्षीदाराची फाइल उचलली, तिच्यावरची तारीख बदलली आणि बुधवारच्या फाइलींत ठेवून दिली. इथली हवा रोज सारखीच कोरडी, एका रात्रीत काय फरक पडतो, असं मी स्वतःला समजावलं. दुपारी बर्फ पडायला लागला तेव्हाही मी खिडकीतून मजेत बघत बसलो. मला त्याचा अर्थ कळायला हवा होता.

तो कळला मॅडम परत आल्यावर, भटारखान्यात त्यांच्या कागदावरचा खड्डा बघताना.

त्या दुपारी मॅडम झोपल्यावर मी छतावरच्या आर्द्रतेच्या नोंदी काढल्या. मंगळवारी पहाटे हवा कोरडी ठणठणीत. बुधवारी पहाटे तीनपासून पाणी वाढत गेलेलं, पाच वाजता दुप्पट. बर्फ यायचा होता, त्याआधीची दमट हवा आमच्या डोक्यावर येऊन उभी होती. खरा साक्षीदार घेतला असता तर त्यानं ते सांगितलं असतं. मी त्याच्या जागी कोरड्या रात्रीचा साक्षीदार उभा केला होता, त्यामुळे आपल्या हवेतलं जास्तीचं पाणी वजा झालंच नाही आणि ते सगळं ग्रहाच्या नावावर जमा झालं. मी अंदाजानं दुरुस्ती करून आकडेमोड पुन्हा केली. खड्डा भरून आला. मी तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा भरून आला.

मॅडमनी छतावरच्या नोंदी पाहिल्या नव्हत्या, आणि त्या पाहणारही नव्हत्या. “छतावरचं यंत्र छतावरची हवा मोजतं,” त्यांचं म्हणणं, “साक्षीदार वरपासून खालपर्यंतची सगळी सांगतो.” त्यांचा साक्षीदारावर विश्वास होता. आणि वहीवर. म्हणजे माझ्यावर.

पुढचे बारा दिवस मी गप्प राहिलो. ते बारा दिवस आजही मला नीट आठवतात आणि आठवू नयेत असं वाटतं. मॅडम बदलून गेल्या होत्या. सकाळी लवकर उठून लेख लिहायला बसायच्या, जेवताना गुणगुणायच्या. मिरजेच्या शाळेतल्या गोष्टी सांगायच्या. एकदा म्हणाल्या, “माझ्या बहिणीनं परवा फोनवर विचारलं, तुला तिथे एवढी वर्षं काय मिळालं गं? मी म्हटलं, थोडं पाणी मिळालं.” आणि खदखदून हसल्या. त्यांना हसताना बघून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. रोज रात्री ठरवायचो की उद्या सांगू. सकाळी त्या गुणगुणत असायच्या.

कार्यालयातून संचालकांचा फोन आला. समिती फारच प्रभावित झाली आहे, वीस तारखेपर्यंत लेख पाठवा, यंत्र हलवायचा विषयच नको. फोन ठेवून मॅडम खिडकीशी गेल्या. “धारूरकर,” त्या म्हणाल्या, “आता मी गेले तरी इथला दिवा चालू राहील.”

एकोणीस तारखेला दुपारी त्यांनी मला बोलावलं. त्या दोन बोटांनी टाइप करत होत्या.

“बस. नावं घालायचीत. श्रीनिवास वामन धारूरकर, बरोबर?”

“हो.”

“पहिलं तुझं घातलंय. दुसरं माझं.”

“मॅडम, असं कसं? काम सगळं तुमचं आहे.”

“चौथी फेरी तुझी आहे. आजारी म्हातारी हॉस्पिटलात पडली होती तेव्हा तू एकटा बसलास. आणि मी आता निघाले, मला नाव घेऊन कुठे मिरवायचंय? तुला पुढे जायचंय.” त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. “बघ, स्पेलिंग चुकलं असेल तर सांग.”

माझं नाव पहिलं होतं. त्याच्याखाली त्यांचं.

“मॅडम, साक्षीदार मी घेतला नव्हता.”

त्यांची बोटं कीबोर्डवरच राहिली.

“काय म्हणालास?”

मी सगळं सांगितलं. आदल्या रात्रीची फाइल, बदललेली तारीख, छतावरच्या नोंदी, भरून आलेला खड्डा. दुरुस्त केलेले कागद मी बारा दिवस गादीखाली ठेवले होते, ते आणून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा बदलला आणि एकेक कागद वाचला. मला वाटत होतं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

“का नाही घेतलास?” शेवटी त्यांनी विचारलं.

“डोळा लागला.”

त्या उठल्या, कपाटातून त्या रात्रीच्या खोलीच्या तापमानाचा गोल कागद काढला. यंत्राच्या सोयीसाठी आमच्या खोलीचं तापमान सतत नोंदलं जायचं, हे मी विसरूनच गेलो होतो. त्यांनी पेन्सिलीनं एका जागी टोक टेकवलं.

“पाच-चौदाला खोली अठरा अंशांवरून सहावर आली. पाच-तीसपर्यंत तशीच. झोपलेला माणूस दार उघडून झोपत नाही. बाहेर गेला होतास. कशाला?”

मी टेबलावरचे कागद एकावर एक लावायला लागलो.

“तब्येत बिघडली होती?”

“नाही.”

“मग? धारूरकर, माझी एकोणीस वर्षं गेली आहेत यात. मला कळायला नको का?”

मला फार लाज वाटत होती. झोप लागली हे सांगायला एवढी लाज वाटली नव्हती, खोटी नोंद केली हे सांगायलाही नाही.

“गाडी आली होती,” मी म्हणालो.

“कुठली गाडी?”

“खालच्या रस्त्यानं. मी साक्षीदारावर दुर्बीण वळवत होतो आणि खिडकीतून दिवे दिसले. पठाराच्या त्या टोकाला, अगदी लहान. मी म्हटलं, नुसतं बघून येऊ. बाहेर गेलो तर दिवे जवळ येत होते. मला वाटलं, कदाचित इकडे वळेल. तुमची खबर घेऊन कोणी आलं असेल, किंवा रस्ता चुकलेलं कोणी. कोणी का असेना. चहा तरी पाजता आला असता. मग मला आत जाववेनाच. मी वळणापर्यंत पळत गेलो. टॉर्च हलवला. त्यानं दिवे बारीक केले आणि पुन्हा मोठे केले. म्हणजे त्यानं मला पाहिलं, मॅडम. मी पुन्हा टॉर्च हलवला. दिवे खिंडीत दिसेनासे होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. परत आलो तेव्हा उजाडायला लागलं होतं.”

मॅडमनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या.

“थांबला का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“थांबत नाही तो,” त्या म्हणाल्या. “सीमेवरच्या चौकीला रॉकेल घालून परत जाणारा ट्रक आहे. दर बुधवारी. खिंडीतला वारा सुटायच्या आत पलीकडे जायचं असतं त्याला. पाच-वीसला वळणावर येतो.”

त्यांना मिनिटासकट वेळ पाठ होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळानं त्या शाल घेऊन बाहेर गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. त्या दुर्बिणीच्या घुमटाला एक फेरी मारून आल्या, मग दुसरी. मग पायरीवर बसल्या. फुंत्सोग चहा घेऊन गेला, त्यांनी हातानंच नको म्हटलं. तासाभरानं आत आल्या तेव्हा डोळे लाल होते. थंडीनंही होतात तसे.

“चौथी फेरी सोडून पुन्हा आकडे काढ,” त्या म्हणाल्या.

काढले. तीन फेऱ्यांत सांगण्यासारखं काही नव्हतं. मला ते माहीत होतं आणि त्यांनाही. तरी त्यांनी प्रत्येक ओळ बोट ठेवून तपासली. मग समितीला चार ओळींचं पत्र लिहिलं. निष्कर्ष मागे घेत आहोत, निरीक्षणात त्रुटी आढळली. संचालकांचं उत्तर संध्याकाळी आलं, एका ओळीचं. यंत्र मार्चमध्ये हलवण्यात येईल.

“माझं नाव कळवा त्यांना,” मी म्हणालो. “चूक माझी आहे. नोंद खोटी मी केली.”

“वही आण.”

मी निरीक्षणाची वही आणली. बुधवारच्या पानावर माझ्या अक्षरात ‘साक्षीदार, ५.१०, ठीक’ होतं. मॅडमनी त्यावर एक सरळ रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. आमच्या वहीत खाडाखोड करायची नाही, असाही त्यांचा नियम होता. शेजारी लिहिलं, ‘साक्षीदार घेतला नाही.’ पुढचा रकाना कारणाचा. तिथे एरवी ‘ढग’ किंवा ‘वारा’ असं काही तरी असायचं. तिथे त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, ‘निरीक्षक एकटा होता.’ आणि खाली स्वतःची सही केली.

“मॅडम, हे कारण कोणी मान्य करणार नाही.”

“एकट्याला बसवू नये हा नियम होता. मोडला कोणी? मी. मान्य न करायला काय झालं?” त्यांनी वही मिटली. “खोट्या नोंदीचं मी बोलत नाहीये. ते तू आयुष्यभर स्वतःशी बोलशील, मला वेगळं काही करायला नको.”

ते त्यांचं बरोबर निघालं. आता मी कॉलेजात शिकवतो. माझे विद्यार्थी आपली हवा एका बटणात वजा करतात, बाकी सगळं गणित संगणक करतो. तरी कोणी वही पुढे केली, की माझी नजर आधी साक्षीदाराच्या रकान्यावर जाते.

त्यानंतरच्या दहा दिवसांत मॅडम मला एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. त्या पुन्हा गुणगुणल्याही नाहीत. आम्ही रोज रात्री दुर्बिणीवर बसत होतो, कारण निरीक्षणं तीस तारखेपर्यंत मंजूर होती आणि मॅडमना मंजूर रात्र वाया घालवणं जमत नसे. एकोणीस वर्षांचं सामान एका पेटीत आणि दोन गोण्यांत मावलं.

त्या जायच्या आदल्या दिवशी जीपचा ॲक्सल तुटला. फुंत्सोग जीपखालून डोकं बाहेर काढून म्हणाला, “दो हफ्ता लगेगा, मॅडमजी.” मॅडम हिशेब करत उभ्या राहिल्या. मग मला विचारलं, “उद्या वार कोणता?”

“बुधवार.”

“मग मी ट्रकनं जाते.”

“तो थांबत नाही म्हणालात ना.”

“थांबवीन.”

पहाटे पाचला मॅडम आणि फुंत्सोग सामान घेऊन वळणावर गेले. मी जरा मागून गेलो, मला वर काम होतं. थंडी अशी होती की नाकातून श्वास घेतला तरी टोचायचा. वळणावर आमचा फलक होता, एकोणीस वर्षांपूर्वी वेधशाळा सुरू झाली त्या साली मॅडमनीच रंगवून घेतलेला. रोज बघून बघून मला तो दिसेनासाच झाला होता.

पठाराच्या टोकाला दिवे दिसले. ते जवळ आले तसा मी टॉर्च लावला. लगेच दिवे बारीक झाले. मॅडम लाल शाल गुंडाळून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. फुंत्सोग ओरडला, मीही ओरडलो. ट्रक करकचून थांबला, त्यांच्यापासून चार हातांवर.

ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा सरदारजी होता, घाबरून पांढरा पडलेला. मॅडमनी त्याला शांतपणे सांगितलं, खाली शहरापर्यंत जायचंय. तो हो हो म्हणाला. सामान चढवताना त्याची भीती जरा उतरली आणि तो बोलायला लागला.

“बीबीजी, सात साल से यहाँ से जाता हूँ. हर बुधवार ऊपर टॉर्च दिखती थी. मैं फौरन लाइट डिम कर देता था. सोचता था, साहब लोग डाँट रहे हैं.”

“डाँट नहीं रहे थे,” मॅडम म्हणाल्या.

“तो कभी बुला लेते! मैं तो खुद चाय को तरसता हूँ इस रास्ते पर. पर आपने ही तो लिख रखा है.” त्यानं फलकाकडे बोट दाखवलं.

मी टॉर्च तिकडे वळवला. हिंदीत, इंग्रजीत आणि तिथल्या लिपीत, तिन्ही ओळींत एकच मजकूर होता. पुढे वेधशाळा आहे. दिवे मंद करा. थांबू नका.

सात वर्षांतला प्रत्येक बुधवार त्या पहाटे माझ्या डोळ्यांपुढून गेला. इथे वर टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या मॅडम, आणि खाली चहाला आसुसलेला हा माणूस, दिवे बारीक करून निमूट पुढे जाणारा. मॅडम फलकाकडे बघत राहिल्या. मग त्या हसल्या, आधी थोडं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सरदारजीला काही कळेना, तोही हसला. फुंत्सोगनं थर्मास पुढे केला. आम्ही चौघांनी त्या रस्त्यात उभ्याउभ्यानं चहा घेतला. माझ्या हाताचा होता, पण मॅडम त्याला शिक्षा म्हणाल्या नाहीत.

केबिनमध्ये चढल्यावर त्यांनी खिडकीची काच खाली केली. मला वाटलं, ‘साक्षीदार घेतलास ना?’ हा नेहमीचा प्रश्न विचारतील. विचारला नाही. “आत जा,” एवढंच म्हणाल्या, “गारठशील.”

ट्रक निघाला. खिंडीपाशी त्याचे दिवे एकदा बारीक झाले आणि पुन्हा मोठे झाले. ते दिसेनासे होईपर्यंत मी उभा राहिलो. पूर्वेला उजेड फुटायला लागला होता. मग वर जाऊन वही उघडली. रकाना भरलेला होता. साक्षीदार त्या पहाटे मी चार-पन्नासलाच घेतला होता.